गळलेलं प्रश्नचिन्ह

आत्तीच्या हातातली बशी पडली नाही, उडाली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

गेल्या श्रावणातली सकाळ. निपाणीत बारीक पाऊस लागून राहिलेला. डायलिसिसमुळे आत्तीचं दिवसाचं पाणी मोजून, म्हणून चहाही अर्धाच कप. तो ती बशीत ओतून, फुंकर मारत, पुरवून पुरवून प्यायची. बशी ओठांपर्यंत गेली आणि मनगटातून एक हिसका आला. खालून कुणी हाताला टोला द्यावा तसा. चहा लुगड्यावर, बशी फरशीवर. आत्ती मात्र जागच्या जागी, डोळे उघडे.

"ह्यो हात माझा न्हवंच बघ," ती म्हणाली. "आपआपच उडाय लागलाय. कालपासनं चार येळा झालं." हे बोलताना तिचा खांदा एकदा उडाला, पण वाक्य काही तुटलं नाही.

माझ्या आत्तीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली पानं. फर्म्याच्या मापानं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, वर दोऱ्याचे वेढे. हे सगळं ती समोरच्या बाईशी बोलत, सुपाकडे न बघता करायची. लहानपणी मी तिच्या पुढ्यात बसून बोटं बघत राहायची. त्या बोटांना काय करायचं ते आत्तीला सांगावं लागत नसे. त्याच हातातून बशी उडाली, तेव्हा घरातलं कुणी काही बोललं नाही.

दुपारची बस पकडून मी बेळगावला परत आले, आणि त्याच रात्री झटके वाढले. दादानं, म्हणजे माझ्या आत्तेभावानं, तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. कुठल्या, ते लिहीत नाही. मी ७५ किलोमीटरवर, फोन कानाला लावून बसलेली. तिथं काय झालं ते दादानं सांगितलं, आणि उरलेलं मी नंतर कागदांवरून जुळवलं.

दादा सिस्टरला म्हणाला, "आईला झटके यायलेत." सिस्टर कन्नड, पण मराठी समजणारी, मायेनं बोलणारी. तिनं ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, "सेळेत." डॉक्टर कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाचे, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी आत्तीला तपासलं, तेवढ्या वेळात हात उडाला नाही. त्यांनी केसपेपरवर इंग्रजीत 'सीझर', म्हणजे फिट, असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक होतं. फिट असेल, नसेल, सकाळी मोठे डॉक्टर बघतील, असा त्याचा अर्थ.

चार दिवसांनी घरी सोडताना जो टाइप केलेला कागद मिळाला, त्यावर 'सीझर डिसऑर्डर' असं होतं. प्रश्नचिन्ह गळलं होतं आणि एक शब्द वाढला होता. खाली फिटच्या गोळ्या, दिवसातून दोनदा.

तो कागद दादानं व्हॉट्सॲपवर पाठवला. बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण असले कागद वाचणं हेच माझं काम आहे.

मी बेळगावात, वडगावला राहते. बी.एस्सी. झाल्यावर चार वर्षं एका दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात होते, तिथून मेडिकल कोडिंगला आले. आता घरूनच अमेरिकेतल्या पेशंटांचे चार्ट कोड करते. दार बंद, मोबाइल बाहेरच्या खोलीत, टेबलावर कागद-पेनसुद्धा नाही, असा नियम. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक निदानाला आयसीडीच्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला आकडा लावायचा. त्या आकड्यावर विम्याचे पैसे ठरतात, पण मला त्यातलं दुसरं अंग जास्त महत्त्वाचं वाटतं. पेशंट पुढच्या डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याच्याआधी तो आकडा तिथं पोचलेला असतो.

ही यादी मुळात मरणाची यादी होती. झाक बर्तियों नावाच्या फ्रेंच माणसानं १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मरणाबरोबर आजारही त्यात आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. आपल्याकडे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यांसाठी तीच चालते. अमेरिकेनं तिच्यात स्वतःची भर घालून १ ऑक्टोबर २०१५ पासून ती दवाखान्यांत लागू केली, आणि दर १ ऑक्टोबरला तिच्यात बदल होतात. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे, पण माझं रोजचं काम अजून दहावीवरच आहे.

तर, 'सीझर' एवढंच लिहिलं असेल तर माझ्या यादीत आर ५६.९ लागतो. 'आर' हा लक्षणांचा विभाग आहे. ताप, खोकला, चक्कर, ज्यांचं कारण अजून कळलेलं नाही ते सगळं तिथं. त्या सीझरपुढे 'डिसऑर्डर' आलं की आकडा थेट जी ४०.९०९ वर जातो. 'जी' म्हणजे मज्जासंस्थेचे आजार, आणि ४० म्हणजे एपिलेप्सी, आपल्या भाषेत फेफरं. एका रात्री एकदा काहीतरी झालं, इथपासून या बाईला फेफऱ्याचा आजार आहे, इथपर्यंतचं अंतर त्या एका शब्दानं कापलं. कोडरनं काहीच चूक केलेली नसते. नियमच आहे की जे लिहिलंय तेच कोड करायचं, मनाचं घालायचं नाही.

प्रश्नचिन्हाचेही नियम आहेत, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतात. अमेरिकेच्या नियमांत, बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी 'असावं', 'शक्यता', 'संशय' असं काही लिहिलं असेल तर ते निदान कोड करताच येत नाही. फक्त लक्षण कोड करायचं. पेशंट भरती असेल आणि सोडतानाच्या शेवटच्या कागदातही 'असावं' राहिलं असेल, तर मात्र ते निदान झालंच असं धरून कोड करतात. हा दुसरा नियम शिकले तेव्हाही मला अस्वस्थ वाटलं होतं आणि आजही वाटतं. पैशाच्या हिशेबाला तो बरोबर असेल, कारण संशय असला तरी तपासण्यांचा खर्च होतोच. पण माणसाच्या कागदावर संशय आणि निदान यांची किंमत सारखी व्हावी, हे मला पटत नाही.

आता आत्तीला खरं काय झालं होतं, ते सांगते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला बेळगावला आणलं, मेंदूच्या डॉक्टरांकडे. फिटच्या गोळ्यांनी ती झोकांड्या खात होती, दोन पायऱ्या चढायलाही माझा खांदा धरत होती. हात उडायचं थांबलं नव्हतंच. डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "आजी, रस्त्यात उभं राहून बस थांबवता तसे दोन्ही हात पुढं करा बघू." आत्तीनं हात पुढं केले, तळवे समोर. काही सेकंद हात स्थिर राहिले. मग मनगट खाली गळल्यासारखं झालं आणि लगेच वर आलं. पुन्हा तसंच. मग उजवा दंड वर उडाला.

डॉक्टर म्हणाले, यात दोन गोष्टी दिसतायत. स्नायू अचानक आवळला जातो तेव्हा हात उडतो. आवळलेला स्नायू क्षणभर सुटतो तेव्हा हात गळतो. दोन्ही एकाच जातीचे, मायोक्लोनस. मग त्यांनी औषधांची पिशवी मागितली आणि गोळ्यांच्या पाकिटांतून गॅबापेंटिन बाजूला काढलं. मधुमेहानं आत्तीच्या तळपायांची आग व्हायची, त्यासाठी तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली गोळी, दिवसातून तीन वेळा. तेव्हा किडनी बरी होती. ही गोळी शरीरातून बाहेर पडते ती जवळजवळ सगळी किडनीवाटे. किडनी थकली की मात्रा कमी करावी लागते, नाहीतर औषध रक्तात साठत जातं आणि असे हिसके येतात. किडनी गेल्यावर रक्तात साठणारी घाणही तेच करते. आत्तीच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं होतं. डायलिसिस सुरू झालं, पथ्य बदललं, पण ती जुनी चिठ्ठी कुणी उघडून बघितली नाही. मीही नाही.

डोक्याला तारा लावून ईईजी काढला, त्यात फिटचं काही दिसलं नाही. डॉक्टरांनी गॅबापेंटिन बंद केली आणि फिटची गोळी टप्प्याटप्प्यानं कमी करत आणली. (हे वाचून कुणी घरच्या माणसाची फिटची गोळी मनानं थांबवू नये, कळकळीनं सांगते. ती अचानक बंद केली तर खरी फिट येऊ शकते.) दोन-तीन डायलिसिस झाल्यावर हिसके विरळ झाले. गणपती बसायच्या आत थांबले.

निदान झालं त्या रात्री झोप लागेना, म्हणून आत्तीचा चार्ट माझ्याकडे आला असता तर तो कसा कोड केला असता, ते मनात मांडत बसले. पहिला आकडा जी २५.३, मायोक्लोनस. औषधानं झालेला मायोक्लोनसही याच आकड्यात येतो, पण यादीच त्याच्याखाली बजावते की औषध कोणतं ते वेगळ्या आकड्यानं दाखवा. म्हणून टी ४२.६ एक्स ५ ए. मग मधुमेहानं किडनी गेल्याचा, किडनीच्या शेवटच्या टप्प्याचा, डायलिसिसचा, पायाच्या नसांचा. औषधाच्या त्या आकड्यातल्या पाचाकडे मी बराच वेळ बघत राहिले. पाच म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सांगितल्याप्रमाणे घेतलं आणि तरी बाधलं. आत्तीनं चुकून जास्त गोळ्या घेतल्या असत्या तर तिथं पाचाऐवजी एक आला असता, नाव 'विषबाधा' झालं असतं आणि तो आकडा सगळ्यांच्या आधी लिहावा लागला असता. आत्तीनं तीन वर्षांत एक गोळी चुकवली नव्हती की वाढवली नव्हती. तिच्या वाट्याला पाचच होता.

नव्या मुलींना शिकवताना मी दोन आकड्यांपाशी मुद्दाम थांबते. जी २५.३ आणि आर २५.३. नुसतं पहिलं अक्षर वेगळं. जी २५.३ म्हणजे मायोक्लोनस, अख्खा स्नायू किंवा स्नायूंचा गट एकदम आवळतो, हात-पाय जागेवरून हलतो. आर २५.३ म्हणजे फॅसिक्युलेशन. त्वचेखाली मांस फडफडतं, पण सांधा हलत नाही. डोळा लवतो म्हणतो आपण, उजवा लवला तर शुभ की अशुभ यावर घरात वाद होतात, तोही दिसायला असाच. दमलेल्या, जागरण केलेल्या माणसाला होतो आणि जातो. पण मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसपेशींच्या आजारातही मांस असंच फडफडतं, म्हणून डॉक्टरांनी तो शब्द लिहिला तर त्याला हलकं समजायचं नाही.

त्याच ओळीत आर २५.१ म्हणजे कंप, हात थरथरणं. आर २५.२ म्हणजे पेटका. पण पोटरीत गोळा येतो ना, ज्यानं माणूस कळवळतो, त्याचा आकडा तिसऱ्याच विभागात, स्नायूंच्या आजारांत, एम ६२.८३१. आणि अंगाला काहीतरी विचित्र हालचाल होते, नक्की काय ते कळत नाही, एवढंच लिहिलं असेल तर आर २५.९. हा शेवटचा आकडा लावताना मला नेहमी वाटतं, कुणी दोन मिनिटं जास्त थांबून बघितलं असतं तर पेशंटला याहून बरा आकडा मिळाला असता.

उचकीही याच घराण्यातली. श्वासपटल एकदम आवळतं आणि उचकी लागते. झोप लागता लागता पाय घसरल्यासारखं होऊन आपण दचकतो, तोही असाच हिसका, धडधाकट माणसाला येणारा. म्हणजे हिसका म्हटला की आजार, असं नाहीच. 'क्लोनस' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ खळबळ. १८८१ मध्ये फ्रीडराइख या जर्मन डॉक्टरांनी अशा हिसक्यांच्या एका पेशंटचं वर्णन केलं, तेव्हापासून हे नाव वैद्यकात रुळलं. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या माणसांच्या हातापायांना येणारे हिसके १९६३ मध्ये लान्स आणि ॲडम्स यांनी मांडले. तसे चार्ट माझ्याकडे येतात. माणूस वाचलेला असतो, पण पाणी प्यायला गेला की हात उडतो, उभा राहिला की पाय. असा चार्ट आला की मी दोनदा वाचते.

आत्तीच्या कागदानं माझी झोप उडवली त्याचं खरं कारण 'झटका' हा शब्द. आपल्याकडे विजेचा झटका असतो, हार्टचा असतो, अर्धांगाचा असतो. फिट आली तरी झटका, हात उडाला तरी झटका. कन्नडमधला 'सेळेत' असाच. पोटरी आखडली तरी सेळेत आणि फिट आली तरी सेळेत. दादानं एक सैल शब्द दिला, सिस्टरनं त्याला दुसरा सैल शब्द जोडला, आणि इंग्रजीत आला तो अगदी घट्ट, वैद्यकीय शब्द. भाषेची चूक कुणाचीच नाही. इथं अर्ध्या लोकांच्या घरात दोन भाषा आहेत आणि आपण त्या दोन्ही प्रेमानं बोलतो. पण दोन भाषांच्या मधल्या उंबऱ्यावर काय सांडतं ते आत्तीच्या लुगड्यावरच्या चहासारखं लगेच दिसत नाही.

याच्या उलटही घडलं, माझ्या गल्लीतच. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला असलेली एक मुलगी, अभ्यासात हुशार, रात्री दोन-दोनपर्यंत जागणारी. सकाळी केस विंचरताना कंगवा हातातून उडायचा. टूथब्रश उडायचा. आई म्हणायची, "झोप पुरी न्हाई, हातात जीव न्हाई." तासाभरात सगळं ठीक व्हायचं आणि ती कॉलेजला जायची. तिची आई हे मला सहज, भाजी निवडताना बोलली. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण उठल्याउठल्या येणारे हिसके, सोळा-सतराचं वय, जागरणानं वाढणारे, हे वर्णन मी चार्टांमधून इतक्या वेळा वाचलेलं होतं की हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. "या आठवड्यातच दाखवा," म्हणाले. त्यांनी दाखवायचं पुढं ढकललं. पंधरा दिवसांनी पहाटे तिला मोठी फिट आली.

निदान झालं जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. १९५७ मध्ये यांत्स या जर्मन डॉक्टरांनी याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांच्या नावानंही ओळखतात. माझ्या यादीत तो जी ४०.बी ०९. जी २५.३ च्या खाली स्पष्ट सूचना आहे की मायोक्लोनिक एपिलेप्सी इथं घालू नका. हिसका दिसायला तोच, पण मुळाशी मेंदूची फिट आहे. म्हणजे शुद्ध होती की नव्हती, एवढ्यावरही भागत नाही. या मुलीला कंगवा उडायचा तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर असायची, आत्तीसारखीच. सकाळी की दिवसभर, वय काय, औषधं कोणती, किडनी कशी, हे सगळं मिळून निदान ठरतं.

निदान बरोबर होणं इथं किती गरजेचं होतं, ते औषधांवरून कळतं. फिटवरची कार्बामाझेपीनसारखी काही औषधं या आजारात हिसके वाढवू शकतात. सोडियम व्हॅल्प्रोएट गुणकारी, पण गरोदरपणात बाळाला व्यंग होण्याचा धोका असल्यानं मुलींना ते देताना डॉक्टर फार विचार करतात. तिला दुसरं औषध दिलं आहे, आणि कंगवा आता हातात राहतो. जागरण बंद, हे मात्र औषधाइतकंच कडक.

तिच्या वडिलांनी पहिल्या दिवशी स्कूटीची चावी काढून घेतली. ते बरोबरच केलं. लायसन्सच्या फॉर्ममध्येच फिट येतात का, असा प्रश्न असतो, त्याचं खोटं उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "लग्नाचं काय हो, वहिनी?" मी त्यांना सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फेफरं हे लग्न रद्द व्हायचं कारण होतं, ते १९९९ मध्ये कायद्यातून काढून टाकलं आहे. ते ऐकून घेऊन गप्प बसले. कायदा बदलून पंचवीस वर्षं होऊन गेली, पण आमच्या गल्लीत अजून बातमी पोचायची आहे. म्हणूनच ज्याला फेफरं आहे त्याच्या कागदावर ते असावं, औषध मिळावं, कुणी तोंड लपवू नये. आणि ज्याला नाही, त्याच्या कागदावर ते चुकूनही येऊ नये. मी दोन्हींसाठी भांडेन.

आत्तीच्या कागदासाठी भांडावंच लागलं. पहिल्या दवाखान्यात मी स्वतः गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, कॉम्प्युटरला गेलंय, आता काही होत नाही. मी त्याला शांतपणे सांगितलं की खोडायला मी सांगतच नाही. रेकॉर्डमधलं काही खोडायचं नसतं, हे मी चार वर्षं तेच काम करून शिकले आहे. जुनी नोंद तशीच राहू दे, खाली तारीख घालून, सही करून दुरुस्तीची नोंद करा, आणि केसपेपरची नक्कल द्या. पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांच्या नियमावलीत २००२ पासून आहे, हेही सांगितलं. नक्कल मिळाली. तेव्हा मी ते हातानं काढलेलं प्रश्नचिन्ह पहिल्यांदा बघितलं. निळ्या शाईचं, घाईत काढलेलं, खालचा ठिपका नीट उमटलेला. त्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा मला राग आला नाही. त्यांनाच भेटायचं म्हटलं तर ते तोपर्यंत नोकरी सोडून गेले होते. मोठ्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, दोन प्रश्न विचारले आणि खाली नोंद करून सही केली.

मग घरी येऊन मी आत्तीसाठी एक कागद केला, पुन्हा रात्री-अपरात्री कुठं न्यावं लागलं तर दाखवायला. मराठीत मी लिहिलं. कन्नडसाठी शेजारच्या वहिनींकडे गेले, त्या शाळेत कन्नड शिकवतात. मी म्हटलं, "झटक्याला सेळेतच लिहू ना?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशाला? तुम्ही काय बघितलं ते सांगा." मी हात उडवून दाखवला. त्यांनी लिहिलं, "कै ओम्मेले हारुत्तदे." हात एकदम उडतो. त्याच्या खाली, "एच्चर इरुत्तदे." शुद्ध असते. कन्नडमध्येही हात उडतोच, हे मला तोवर माहीत नव्हतं. खाली आम्ही दोघींनी मिळून लिहिलं: एक हिसका क्षणभराचा. बोलता बोलता येतो, बोलणं तुटत नाही. काही धरायला गेलं की जास्त. किडनी काम करत नाही, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गॅबापेंटिनमुळे पूर्वी झालं होतं, देऊ नये. मेंदूच्या डॉक्टरांचं निदान मायोक्लोनस, जी २५.३.

गेल्या महिन्यात निपाणीला गेले तेव्हा तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत्तीला दिला. तिला वाचता येत नाही. तिनं तो उलटा-सुलटा करून बघितला.

"ह्यात फेफरं कुठं ल्हिलंय काय?"

"न्हाई आत्ती. कुठंच न्हाई."

"मग काय ल्हिलंय?"

"हात उडतोय म्हणून."

"उडत हुता म्हण," ती म्हणाली, आणि चहाची बशी उचलली.